डॅशहाउंड मादी आणि लॅब्रॅडॉर नर: गर्भ राहील का, आणि तिला बाळंतपण झेपेल का?

तुमचा प्रश्न इतरांसाठी आधी थोडक्यात मांडते. साताऱ्यात तुमच्याकडे साडेतीन वर्षांची, साडेआठ किलोची डॅशहाउंड मादी आहे, तांबूस रंगाची, आखूड केसांची. ती माजावर असताना शेजारचा ३२ किलोचा पिवळा लॅब्रॅडॉर उघड्या फाटकातून आत आला आणि तुम्ही पाहिलंत तेव्हा दोघं चिकटलेली होती. पंधरा-वीस मिनिटांनी सुटली. याला आठवडा झाला. एवढ्या फरकात गर्भ राहतो का, पिल्लं बापाएवढी वाढून ती व्यायच्या वेळी मरेल का, कुणीतरी सुचवलेलं ‘साफ करायचं इंजेक्शन’ द्यावं का आणि पिल्लं दिसतील कशी, असं तुम्ही विचारलंय.

गेली बरीच वर्षं मी कुत्र्या-मांजरांवर उपचार करते आणि ‘मादी छोटी, नर मोठा’ ही भानगड दर पावसाळ्याच्या आगेमागे दवाखान्यात येतेच. तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: दोघांत लहान कोण? मादी लॅब आणि नर डॅशहाउंड असता तर मी ‘काळजी करू नका, तारीख लिहून ठेवा’ एवढंच म्हटलं असतं. इथे उलट आहे, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

गर्भ राहू शकतो, अगदी सहज. चिहुआहुआपासून ग्रेट डेनपर्यंत सगळी कुत्री एकाच प्रजातीची. सगळ्यांची गुणसूत्रं ७८. बीज जुळण्यात आकाराची काहीही आडकाठी नसते, अडचण असते ती फक्त उंचीची. ती या दोघांनी पायरी, उतार किंवा मातीचा ढीग बघून सोडवली असणार. चिकटलेली होती म्हणजे वीर्य आत गेलंय. गर्भ राहिलाय असं धरूनच चाला.

दोन गोष्टी आजच करा. तिची हीट अजून संपली नसेल तर तिला घराबाहेर एकटी सोडू नका. कुत्रीचं बीज सुटल्यावर पक्व व्हायला दोन-तीन दिवस लागतात आणि नराचे शुक्राणू तिच्या पोटात पाच-सात दिवस जिवंत राहू शकतात. त्यामुळे मधल्या काळात गल्लीतला एखादा कुत्रा लागला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. दुसरं, तिची पाठ बघा. डॅशहाउंडची लांब पाठ आणि वर ३२ किलोचा नर, हा भार कमी नाही. ती उडी मारायला टाळते का, उचलताना ओरडते का, मागचे पाय ओढत किंवा लटपटत चालते का, माजाचं रक्त थांबल्यावरही ताजं लाल रक्त येतं का? यातलं काहीही दिसलं तर बाकीचे सगळे विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे न्या. आणि पुढे कधी अशी जोडी चिकटलेली दिसली तर पाणी ओतून किंवा ओढून सोडवू नका. इजा बहुतेक वेळा त्या ओढाताणीतच होते. शक्यतो मादीला धरून शांत उभी ठेवा.

आता ते इंजेक्शन. ज्याला लोक ‘साफ करायचं’ म्हणतात ते बहुतेक वेळा इस्ट्रोजेन असतं. ते देऊ नका, हे मी अगदी ठाम सांगते. त्याने कुत्रीच्या हाडांमधल्या मगजाला, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या भागाला, कायमची इजा होऊ शकते आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका चांगलाच वाढतो. गर्भ नको म्हणून दिलेल्या इंजेक्शनमुळे महिन्या-दीड महिन्याने पू झालेलं गर्भाशय काढायची वेळ आलेल्या कुत्र्या मी ऑपरेशन टेबलावर पाहिल्या आहेत. त्यातल्या काहींना मुळात गर्भ राहिलेलाच नव्हता. प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचा, परिणाम रोखणारी बरी औषधं आहेत, पण ती देखरेखीखाली, सोनोग्राफी करून द्यायची असतात. मेडिकलमधून आणून घरी टोचायची नाहीत.

पिल्लं नको असतील तर सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे नसबंदी, गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही काढून टाकणं. ती लगेच करू नका. माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. मेटिंगपासून २८-३० दिवसांनी सोनोग्राफी करा आणि त्याच आठवड्यात निर्णय घ्या. त्यानंतर जितका उशीर कराल तितकं ऑपरेशन मोठं होत जातं.

करावी की नाही, हे तिच्यावर अवलंबून आहे. तिला आधी कधी पाठीचा त्रास झाला असेल, मागच्या पायांतली ताकद गेली असेल, तर मी विचार न करता नसबंदी म्हणेन. पोटात वजन वाहणं त्या पाठीला परवडणार नाही. ती वर्षाच्या आतली असती किंवा सात वर्षांची असून पहिलटकरीण असती तरी हेच म्हटलं असतं. साडेतीन वर्षांची, निरोगी, वजन आटोक्यात आणि पाठ ठणठणीत असेल तर तिला व्यायला देता येईल. पण एका अटीवर: रात्री दोन वाजता सिझर करू शकेल असा डॉक्टर तुम्ही आधीच शोधून ठेवला पाहिजे. तो नसेल तर माझं मत पुन्हा नसबंदीकडेच झुकतं. आणि पिल्लं घ्यायला माणसं आहेत का, याचाही आत्ताच प्रामाणिकपणे विचार करा.

पिल्लं पोटात बापाएवढी वाढतील का? या भीतीवर एक जुना, सुंदर प्रयोग आहे. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी अवाढव्य शायर घोडे आणि बुटके शेटलंड पोनी यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. आईबापांचं रक्त दोन्हीकडे सारखंच. तरी शायर घोडीच्या पोटी जन्मलेलं शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगराच्या जवळजवळ तिप्पट वजनाचं होतं. जन्माच्या वेळचं वजन मुख्यत्वे आईचं गर्भाशय आणि वार (प्लासेंटा) ठरवतात, बापाचा आकार नंतर डोकं वर काढतो. कुत्र्यांतही साधारण असंच चालतं, आणि म्हणूनच अशा बहुतेक माद्या सुखरूप वितात.

पण ‘बहुतेक’ या शब्दावर मी थांबते, कारण कुत्रीचं एक वेगळेपण आहे. घोडीला एक शिंगरू होतं, कुत्रीच्या पोटातली जागा आणि रक्तपुरवठा पिल्लांत वाटला जातो. पाच पिल्लं असतील तर प्रत्येक लहान राहतं. एकच असेल तर सगळं त्यालाच मिळतं, आणि त्यात बाप मोठा असला की ते पिल्लू खरंच मोठं होतं. माझ्याकडे आलेली एक स्पिट्झ, आपण जिला सरसकट पॉम म्हणतो ती, अशीच लॅबकडून गाभण होती. रात्रभर कळा देऊन थकलेली, योनीमार्गात बोट घातलं की पिल्लाचं कपाळ लागायचं, पण कळ आली तरी ते तसूभर पुढे सरकत नव्हतं. एक्स-रेमध्ये एकच पिल्लू दिसलं आणि त्याच्या कवटीची रुंदी आईच्या कमरेच्या हाडांमधल्या वाटेपेक्षा जास्त होती. सिझर केलं. आई वाचली, पिल्लू वाचलं नाही, कारण ते कित्येक तास तसंच अडकून होतं. आठवडाभर आधी एक एक्स-रे काढला असता तर दोघंही वाचली असती.

म्हणून तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा बापाच्या वजनाचा नाही, पिल्लांच्या संख्येचा आहे. सोनोग्राफीत गर्भ आहे हे कळतं, ठोके दिसतात, पण संख्या चुकू शकते. पंचावन्नाव्या दिवसाच्या पुढे एक्स-रे काढा. तोवर हाडं भरलेली असतात, कवट्या आणि मणके मोजता येतात, आणि कवटीची तुलना आईच्या हाडांच्या वाटेशी करता येते. चार-पाच दिसली तर मी नैसर्गिक बाळंतपणाची वाट बघेन, तयारीनिशी. एक किंवा दोनच मोठी दिसली तर ठरवून सिझर हा पर्याय डॉक्टरांशी गंभीरपणे बोला. एकट्या पिल्लाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते: कळा सुरू करणारा संदेश पिल्लांकडून येतो आणि एकाच पिल्लाचा तो संदेश कधी कधी पुरत नाही. दिवस उलटून जातात आणि पिल्लू आत वाढत राहतं.

ठरवून सिझर करायचं तर दिवस नीट मोजावे लागतात. लोक मेटिंगपासून ६३ दिवस मोजतात. खरं तर ६३ दिवस बीज सुटल्यापासून असतात. मेटिंगपासून मोजलं तर ५७ ते ७२ पर्यंत काहीही निघू शकतं. चार-पाच दिवस आधी काढलेल्या पिल्लांची फुफ्फुसं तयार नसतात, ती डोळ्यांदेखत जातात. म्हणून शेवटच्या आठवड्यात रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासून घेतलेलं बरं. ते खाली आलं की पिल्लं तयार आहेत असं समजता येतं. तुमच्याकडे ही सोय नसेल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय हायवेने तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे काय काय होतं, रात्री कोण असतं, हे आधीच फोन करून विचारून ठेवा.

पंचावन्नाव्या दिवसापासून सकाळ, दुपार, रात्र तिचं तापमान मोजा, गुदद्वारातून, आणि वहीत लिहा. एरवी १०१ ते १०२ फॅरनहाइट असतं. ते ९९ च्या खाली घसरलं की बहुधा चोवीस तासांत ती विते. घसरल्यावर चोवीस तास गेले आणि काहीच नाही, अर्धा तास जोरात कळा देऊन एकही पिल्लू नाही, एक झाल्यावर पोटात आणखी असूनही दोन तास गेले, किंवा एकही पिल्लू यायच्या आधी हिरवट-काळा स्राव दिसला, तर गाडी काढा. हिरवा स्राव म्हणजे वार सुटायला लागली आहे. पहिल्या पिल्लानंतर तो नेहमीचा असतो, आधी दिसला तर आतल्या पिल्लाचा श्वास धोक्यात आहे. आणि घरी कुणालाही ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा वाढवणारं इंजेक्शन, टोचू देऊ नका, मग तो कितीही अनुभवी ब्रीडर असो. वाट मोकळी असेल तरच ते कामाचं. डोकं अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

बाळंतपण सुखरूप झालं की घरातले सगळे निश्चिंत होतात. या जोडीत मात्र दुसरा धोका तिथून पुढेच सुरू होतो. पोटात आईने आवरून धरलेली पिल्लं बाहेर आली की बापाच्या वेगाने वाढायला लागतात. तीन आठवड्यांची पिल्लं एवढी गुबगुबीत दिसतात की चारजण दूध पीत असली तर आई त्यांच्याखाली झाकली जाते. एवढं दूध करताना तिच्या रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने खाली येऊ शकतं. विल्यानंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात ती अस्वस्थ झाली, धापा टाकू लागली, पाय ताठ टाकून चालली, थरथरली, तर ती तासाभराची आणीबाणी आहे. पिल्लं लगेच बाजूला करा आणि शिरेतून कॅल्शियम द्यायला डॉक्टर गाठा. हे टाळायला म्हणून गाभणपणात कॅल्शियमचं सिरप मात्र देऊ नका. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढणं मंदावतं आणि ऐन वेळी तुटवडा पडतो. गाभणपणाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून तिला पिल्लांचं खाद्य थोडं थोडं, दिवसातून चार वेळा द्या. पिल्लांना साडेतीन आठवड्यांपासून ताटलीतलं पातळ खाणं सुरू करा, म्हणजे तिच्यावरचा भार उतरेल.

आता दिसण्याबद्दल. आईबापांची सरासरी काढून वीस किलोचं, मध्यम पायांचं कुत्रं होईल असं लोक धरतात. दोन डब्यांतले रंग ढवळावेत तसा संकर होत नाही. काही गुण अधल्यामधल्या मापाचे येतात, काही एका बाजूचे जसेच्या तसे.

एकूण आकार हा अधल्यामधल्या मापाचा गुण. २००७ मध्ये पंधराव्या गुणसूत्रावरच्या आयजीएफ-१ या जनुकाचं एक रूप जवळजवळ सगळ्या लहान जातींत सापडलं. पुढे २०२२ मध्ये सैबेरियातल्या ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही ते लहानखुरं रूप मिळालं, म्हणजे माणसाने कुत्रा पाळायच्या कितीतरी आधीपासून ते होतं. मला हे फार विलक्षण वाटतं. आज माहीत असलेली वीसेक जनुकं मिळून जातीजातींमधला आकाराचा बहुतेक फरक ठरवतात. तुमच्या पिल्लांना प्रत्येकाची एक प्रत आईकडून, एक बापाकडून येईल, म्हणून वजन साधारण १२ ते २० किलोच्या दरम्यान राहील असा माझा अंदाज आहे. दोन्ही पालक खरोखर शुद्ध असतील तर भावंडं एकमेकांसारखी दिसतील. शेजारचा लॅब स्वतःच क्रॉस असेल, आणि कागदपत्रांविना घेतलेले बरेच लॅब तसे असतात, तर एकाच वेतात फरक दिसेल.

पाय मात्र आईचे येतील. डॅशहाउंडचे पाय आखूड होतात ते एफजीएफ-४ या जनुकाच्या जादा प्रतींमुळे. एक अठराव्या गुणसूत्रावर २००९ मध्ये सापडली, दुसरी बाराव्यावर २०१७ मध्ये. पाय आखडायला एका पालकाकडून आलेली प्रतही पुरते. अमेरिकेत चार्ल्स स्टॉकार्ड यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बॅसेट हाउंड आणि जर्मन शेफर्ड यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतली पिल्लं आखूड पायांचीच निघाली. लांब पाय परत दिसले ते दुसऱ्या पिढीत. तेव्हा लॅबची छाती, लॅबचं डोकं, आणि खाली डॅशहाउंडचे किंचित लांबलेले पाय, अशी पिल्लं डोळ्यांसमोर आणा.

रंगाबाबत तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेजाऱ्यांशी वाद होणार नाही: पिल्लं काळी होण्याची शक्यता बरीच आहे. आई तांबूस, बाप पिवळा, मग काळं आलं कुठून, दुसराच कुत्रा होता का, असा संशय हमखास येतो. पिवळ्या लॅबच्या अंगात काळा रंग दडलेलाच असतो, फक्त तो केसांत उतरवणारं बटण दोन्ही प्रतींत बंद असतं. तांबूस डॅशहाउंडकडे सहसा ते बटण चालू असतं. तिने ते दिलं आणि बापाने काळा दिला की पिल्लू काळं. तुमच्या मादीतही बंद बटणाची एक प्रत दडलेली असेल तर निम्म्याच्या आसपास पिल्लं पिवळी होतील. छातीवर पांढरा ठिपका दिसला तरी घाबरायचं कारण नाही.

या सगळ्यात मला खरी काळजी पाठीची वाटते, आणि ती पिल्लं ज्या घरी जातील तिथल्या माणसांना स्पष्ट सांगायला हवी. बाराव्या गुणसूत्रावरची तीच प्रत मणक्यांमधल्या गाद्या लवकर कडक करते. कडक झालेली गादी फाटून मज्जारज्जूवर दाब आला की कुत्र्याचे मागचे पाय एका रात्रीत लुळे पडू शकतात. पिल्लात एकच प्रत असली तरी हा धोका येतो. त्यात बापाकडून आणखी एक गोष्ट येऊ शकते. २०१६ मध्ये असं आढळलं की जवळजवळ चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्याचं पोट भरलं तरी भूक शमत नाही. डॅशहाउंडची पाठ आणि लॅबची भूक एकाच पिल्लात आली तर वजन वाढणार आणि सगळा ताण त्या गाद्यांवर पडणार. संकर झाला म्हणजे आपोआप निरोगी झालं, हा समज या जोडीला लागू होत नाही.

म्हणून पिल्लं देताना प्रत्येकाला सांगा: जिना चढ-उतार कमीत कमी, सोफ्यावरून उड्या नाहीत, गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घाला, उचलताना छाती आणि कंबर दोन्हीला आधार द्या, फरशी गुळगुळीत असेल तर चटई टाका. जेवण वाटीने मोजून, आणि हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी मी असं पिल्लू देणार नाही. आठ आठवड्यांच्या आत कुणालाही देऊ नका, लसी सुरू करून द्या, आणि मोठं झाल्यावर नसबंदी करून घेण्याचं कबूल करवून घ्या. एखादं आकर्षक नाव लावून ‘दुर्मिळ जात’ म्हणून ती विकू मात्र नका. तशी मागणी तयार झाली की कुणीतरी मुद्दाम लहान माद्या मोठ्या नरांना लावायला लागतं, आणि त्याची किंमत त्या माद्यांना मोजावी लागते.

तुम्ही तिच्या पाठीबद्दल आणि आधीच्या आजारांबद्दल काहीच लिहिलेलं नाही, ते कळवा. सोनोग्राफी तीन आठवड्यांनी येईल, तिचा रिपोर्टही टाका. गर्भ असेल आणि तुम्ही तिला व्यायला द्यायचं ठरवलं तर एक्स-रेचा फोटो बाजूने आणि पाठीवर झोपवून असा दोन्हीकडून काढून घ्या. कवटीचं माप पाठीवर झोपवलेल्या फोटोतच नीट कळतं.